जव्हार-मोखाड्यांतील स्त्रियांचें आरोग्य आणि त्याचें दप्तर

१

जव्हार संस्थानचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास मुकणे घराण्याच्या उदयाविषयीं साधनें सांपडतात. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरांत या घराण्याची हकीकत दिलेली आहे. मूळ पुरुषानें बैलाच्या कातड्यानें झांकेल एवढीच जमीन मागितली, आणि मागणी मान्य होतांच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं मोठा डोंगरी मुलूख वेढून घेतला, ही दंतकथा तेथें आहे. कार्थेज नगरी वसविणाऱ्या राणीविषयीं पाश्चात्त्यांत हीच कथा सांगतात, हें अभ्यासकांस विदित आहेच. पुढें दिल्लीच्या बादशहाकडून घराण्यास निमशहा हा किताब मिळाला, व त्या दिवसापासून, म्हणजे ५ जून १३४३ पासून, संस्थानांत नवा शक सुरू झाला. १६६४ च्या आरंभीं सुरतेवर जातांना शिवाजीमहाराज या मुलुखांतून गेले, त्याची आठवण जव्हारजवळ शिरपामाळ या ठिकाणीं अजून सांगतात. मराठ्यांची खंडणी, इंग्रजांशीं संबंध, आणि १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीनीकरण, एवढे टप्पे कोणत्याही टिपणांत मिळतात. शेजारचा मोखाडा हा इंग्रजी अमलांत शहापूर तालुक्याचा पेटा होता. आज जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत आहेत.

परंतु या सहाशें वर्षांत या डोंगरांतील स्त्री कशी जगली, कोणत्या दुखण्यानें अंथरुणास खिळली, किती बाळंतपणांतून उठली आणि कोणत्या बाळंतपणांत गेली, असा प्रश्न केला तर हींच साधनें मुकीं होतात. दप्तर लिहिणाराचा हेतु वसुलाचा. त्यामुळें त्यांत शेत येतें, बैल येतो, पट्टी येते, पण बाळंतीण येत नाहीं. हा दोष एकट्या जव्हारचा नव्हे, आपल्याकडील बहुतेक दप्तरांचा आहे. ज्या कागदांत ही स्त्री जिवंतपणीं प्रथम लिहिली गेली ते कागद कोणते, ते कोणत्या विचारांतून उत्पन्न झाले, आणि त्यांची काळजी आपण कां वाहिली पाहिजे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ते कागद म्हणजे स्त्रियांच्या आरोग्यतपासणीच्या नोंदवह्या होत.

जव्हारच्या सरकारी रुग्णालयाचें नांव पतंगशाह कुटीर रुग्णालय असें आहे. पतंगशाह हें मुकणे घराण्यांतील अनेक राजांनीं धारण केलेलें नांव. निमशहाचा शक आतां कोणी लिहीत नाहीं, आणि संस्थानही राहिलें नाहीं. पण राजाचें नांव बाळंतिणीच्या केसपेपरावर राहिलें आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें राजवाड्याइतकीच या कागदाकडेही दृष्टि वळवावी, असें सुचविण्यास हा एक योगायोग पुरेसा आहे.

२

संस्कृत वैद्यक या बाबतींत राजदप्तरापेक्षां अधिक बोलकें आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीचा आहार, सूतिकागाराची रचना, आणि तेथें कोणत्या स्त्रिया जवळ असाव्या याचा तपशील आला आहे. ज्यांना स्वतःस अनेक अपत्यें झालेलीं आहेत अशा, मायाळू आणि कामांत निपुण स्त्रिया असाव्या असें चरकाचें सांगणें. सुश्रुतानें शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत चार वयस्क व प्रसूतिकर्मांत कुशल स्त्रिया सांगून त्यांचीं नखें कापलेलीं असावींत, अशी अट घातली आहे. ही अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें पडेल.

पांडुरोगाचें प्रकरणही असेंच विचारणीय आहे. चरकानें चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायांत या रोगाचे पांच प्रकार सांगितले, त्यांत माती खाल्ल्यानें होणारा एक प्रकार आहे, आणि उपचारांत लोहाचे योग आहेत. रक्त उणें झालेल्या स्त्रीस माती खाण्याची इच्छा होते, हें आजचा वैद्यही जाणतो. माती हें कारण कीं लक्षण, एवढाच वाद. ज्यास आज रक्तक्षय म्हणतात त्याची ओळख आपल्या पूर्वजांस होती, आणि लोखंडाशीं त्याचा संबंध आहे हेंही त्यांनीं अनुभवानें ताडलें होतें.

काश्यपसंहिता हा तर बालकांस व बाळंतिणींस वाहिलेला ग्रंथ. त्याची खंडित ताडपत्री पोथी नेपाळांत मिळाली, आणि १९३८ सालीं ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाली. ती एक पोथी वाळवीच्या स्वाधीन झाली असती तर केवढी विद्या नष्ट झाली असती, हें पोथ्यांच्या संग्राहकांस वेगळें सांगावयास नको.

या जुन्या विद्येचा आणि नव्या वैद्यकाचा सांधा प्रथम एका महाराष्ट्रीय स्त्रीनें जोडला, आणि तीही याच ठाणें प्रांताची. कल्याणच्या जोशी घराण्यांतील आनंदीबाई यांचें पहिलें अपत्य दहा दिवसांचें होऊन गेलें. त्या वेळीं त्यांचें वय चौदा वर्षांचें होतें. स्त्रियांस स्त्री वैद्य पाहिजे, हा निश्चय त्या दुःखांतून उत्पन्न झाला. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं घेतली. त्या पदवीसाठीं लिहिलेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, पुणें येथें त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास, म्हणजे १८८५ सालीं, लेडी डफरिन यांचा फंड निघाला, आणि १८८६ सालीं मुंबईंत कामा रुग्णालय उघडलें. परंतु हें सर्व शहरांत झालें. कल्याणाहून जव्हारचा घाट फार लांब नाहीं. तरी त्या घाटावर हें वैद्यक चढण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

३

घाटावर कोण होतें? सुईण होती, आणि भगत होता. येथील वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी, बहुतांशीं आदिवासी. या समाजांत स्त्रीस विद्या नव्हती असें मानणें चुकीचें आहे. वारल्यांचें लग्न धवलेरी लावते. ती स्त्री असते, आणि सर्व विधि तिच्या मुखांत असतो. त्याचप्रमाणें बाळंतपणाची विद्या सुइणीच्या हातांत होती. ती लिहिली गेली नाहीं म्हणून ती नव्हती, असा न्याय मौखिक परंपरेचा अभ्यास करणारा कोणीही मान्य करणार नाहीं.

युरोपांतील एक प्रसिद्ध उदाहरण येथें उपयोगी पडेल. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४०१० प्रसूतींत ४५९ स्त्रिया मेल्या, आणि सुइणींच्या विभागांत ३७५४ प्रसूतींत १०५. सेमेलवाईस नांवाच्या तरुण वैद्यानें हे आंकडे समोर मांडून विचार केला, तेव्हां त्यास उमगलें कीं विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच येतात, आणि त्यांच्या हातांबरोबर मृत्यु येतो. १८४७ सालीं त्यानें औषधी पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली, आणि मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. सुश्रुताच्या कापलेल्या नखांचें प्रयोजन येथें कळतें. पण आमचा मुद्दा दुसरा आहे. सुईण अडाणी आणि वैद्य शहाणा, हा समज ज्यानें पाडला तें यंत्र नव्हे, औषध नव्हे. ती होती रुग्णालयाची नोंदवही. दोन विभागांचे मृत्यु वेगवेगळे लिहिलेले नसते तर ही गोष्ट कोणाच्याही ध्यानांत आली नसती.

मात्र सुइणीच्या ज्ञानास मर्यादा होती, हेंही तितक्याच स्पष्टपणें लिहिलें पाहिजे. हातानें पोट चांचपून मूल आडवें आहे हें तिला कळे. रक्तांत लोह किती उरलें, रक्ताचा दाब वाढला कीं काय, लघवींतून प्रथिन जातें कीं काय, हें हातास कळत नाहीं. दाब वाढलेल्या गर्भिणीस झटके येतात, तेव्हां घरचे लोक भगतास बोलावतात. कारण झटका हा त्यांना देवाचा किंवा भुताचा वाटतो. तो झटका येण्यापूर्वीं पुष्कळदा दाब मोजणाऱ्या साध्या उपकरणावर दिसत असतो. पूर्वतपासणीचें सर्व महत्त्व या एका गोष्टींत आहे: दुखणें बोलूं लागण्याच्या आधीं तें वाचतां येतें.

४

अशी तपासणी गांवोगांव केल्यानें काय दिसतें, याचें महाराष्ट्रांतील सर्वांत बोलकें उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या जिल्ह्यांतील दोन गांवांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ च्या जानेवारींत लॅन्सेट या नियतकालिकांत आला. शंभरापैकीं ब्याण्णव स्त्रियांस एक तरी स्त्रीरोग होता. सरासरीनें दर स्त्रीस तीनांहून अधिक विकार होते. आणि पूर्वी कधीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत सुमारें आठच होत्या. तोंवर ग्रामीण स्त्रीचें आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी समज होता. ज्या दुखण्यास कागदावर रकानाच नव्हता तें दुखणें नाहींच, असें धरून चालत. तपासणीनें प्रथम रकाना पाडला.

रक्तक्षयाच्या बाबतींत मुंबईचें नांव जगाच्या वैद्यकांत कायमचें आहे. १९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईंत आली, आणि गर्भिणींस होणाऱ्या एका भयंकर रक्तक्षयाचा तिनें येथें शोध केला. गरीब गिरणीकामगार स्त्रिया काय खातात याची तिनें चौकशी केली, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें त्या बऱ्या होतात हें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणद्रव्य पुढें फोलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. आज गर्भिणीस लोहाबरोबर जी गोळी देतात तींत तें असतें. मोखाड्याच्या पाड्यावर आशा कार्यकर्ती जी गोळी हातावर ठेवते तिची वंशावळ अशी एका बाजूनें चरकाच्या लोहयोगांशीं नसली तरी त्याच विचाराशीं, आणि दुसऱ्या बाजूनें मुंबईच्या गिरणगांवाशीं जाऊन मिळते.

तिसरें उदाहरण गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचें. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयानें सुमारें दीड लक्ष स्त्रियांच्या वस्त्यांत एक प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस चार आठवडे शिकवून तयार केलें. त्यांनीं सौम्य अम्ल, म्हणजे शिरक्यांतलेंच द्रव्य, लावून गर्भाशयाचें मुख डोळ्यांनीं तपासावयाचें. अम्लानें पांढरा डाग उठला तर पुढील तपासणीस पाठवावयाचें. दर दोन वर्षांनीं अशा चार फेऱ्या झाल्या. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. ज्या वस्त्यांत तपासणी न करितां केवळ आरोग्यशिक्षण दिलें, त्यांच्याशीं ही तुलना होती. आणि त्या वस्त्यांतील स्त्रियांस इतकीं वर्षें तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, हा वाद पुढें वैद्यकांत झाला. वाद योग्यच होता. पण त्यांतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध झाली: शिक्षण पाहिजेच, परंतु तपासणीवांचून शिक्षण अपुरें आहे, आणि ती तपासणी महाग असावी लागत नाहीं.

५

हें सर्व जव्हार-मोखाड्यास लावून पाहूं. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या भागांत शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें व रोगानें मेलीं, आणि या डोंगरांचें नांव सर्व देशांत झालें. १९९५ सालीं शासनानें आदिवासी भागांसाठीं नवसंजीवन योजना काढली. २००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या. २०१५ पासून गर्भिणींस व स्तनदा मातांस अंगणवाडींत एक वेळचें पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भिणींची तपासणी ठरली. आणि २०२२ च्या नवरात्रांत अठरा वर्षांवरील सर्व स्त्रियांची तपासणी करण्याची मोहीम राज्यांत निघाली. नवरात्रांत देवीचें पूजन आणि स्त्रीच्या रक्ताची तपासणी एकाच वेळीं व्हावी, हें उचितच झालें. २०२३ च्या १ जुलैस सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाच्या निर्मूलनाचें राष्ट्रीय कार्य सुरू झालें. आदिवासींत आढळणारा हा रोग रक्ताच्या थेंबावर ओळखतां येतो, आणि साध्या लोहाच्या उणिवेहून तो वेगळा ओळखणें अगत्याचें आहे, कारण दोहोंचा उपचार एक नव्हे.

फळ दिसत नाहीं असें नाहीं. १९४६ च्या भोर समितीनें देशांत दर हजार जन्मांमागें सुमारें वीस माता मरतात, असा अंदाज दिला होता. महाराष्ट्रांत २०१८ ते २०२० या काळांत हें प्रमाण दर लाखांमागें ३३ होतें. परंतु सरासरीच्या आंकड्यांत डोंगर सपाट होतो. २०२२ च्या ऑगस्टांतच मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर अवेळीं जन्मलेलीं जुळीं मुलें दगावलीं, आणि रक्तस्राव होणाऱ्या आईस रस्त्याच्या अभावीं डोलींतून न्यावें लागलें. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५४ टक्के स्त्रियांचें रक्त उणें ठरलें.

येथील जीवनक्रमांतच एक अडचण आहे. नागली-वरईचें पीक हातीं आलें, दिवाळी झाली, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर उतरतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिसऱ्या महिन्यांत पाड्यावर तपासलेली स्त्री सातव्या महिन्यांत भिवंडीकडे असते. तिची नोंद पाड्याच्या वहींत, आणि तिचें शरीर भट्टीवर. वही तिच्या मागें गेली नाहीं तर भट्टीजवळच्या दवाखान्यांत ती पुन्हा कोरी होते. दाब पूर्वी किती होता, रक्त किती होतें, मागलें मूल कसें झालें, हें सांगणारें कोणी नसतें. म्हणून मातेच्या हातीं दिलेलें कार्ड हें जुन्या काळच्या दस्तकाइतकेंच महत्त्वाचें मानावें. दस्तक नसलेल्या माणसास नाक्यावर अडवीत; कार्ड नसलेल्या मातेस मृत्यु अडवितो, आणि तेथें रदबदली चालत नाहीं.

६

आतां संग्राहकांस विनंती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वींच्या तपासण्यांच्या वह्या, सुइणींच्या प्रशिक्षणाचे कागद, पाड्यांच्या याद्या हे सर्व आज जुनें दप्तर झालें आहे, आणि जुन्या दप्तराचें जें होतें तेंच त्याचेंही होत आहे. एका आरोग्यकेंद्राच्या पडवींत अशा वह्यांचे गठ्ठे पावसानें भिजून वाळवीनें खाल्लेले मीं स्वतः पाहिले. ठिकाणाचें नांव घेण्यांत हशील नाहीं, कारण असें ठिकाण एकच नसावें. एक वही उघडली. पहिल्या रकान्यांत नांव, दुसऱ्यांत वय, तिसऱ्यांत कितवें बाळंतपण, पुढें रक्ताचा आंकडा, आणि शेवटच्या रकान्यांत शेरा. एका ओळींत आंकडा सहा होता आणि शेऱ्याचा रकाना रिकामा. ती स्त्री जगली कीं गेली, हें वाळवीनें खाल्लें होतें कीं कोणी लिहिलेंच नव्हतें, हें सांगतां येईना. ताम्रपटाची एक ओळ गेली म्हणून आपण हळहळतों. ती ओळ गेल्याची हळहळ मला अधिक वाटली.

या कागदांस पोथीचे सर्व नियम लागू पडत नाहींत. पोथीचा लेखक व मालक शतकांपूर्वीं गेलेला असतो. या वह्यांतील स्त्रिया हयात आहेत, आणि त्यांचीं दुखणीं हा त्यांचा खाजगी विषय आहे. म्हणून या वह्या रद्दींतून विकत घेऊन कोणी आपल्या कपाटांत ठेवूं नयेत, त्यांतील नांवें छापूं नयेत, आणि अधिकाऱ्यांच्या संमतीवांचून नक्कल करूं नये. आपलें काम एवढेंच कीं, आपल्या तालुक्यांतील आरोग्यकेंद्रांत असे कागद आहेत काय याची चौकशी करावी, ते कोरड्या जागीं ठेवण्याविषयीं लेखी अर्ज करावा, आणि नांवें झांकून त्यांतील आंकडे अभ्यासकांस पाहतां येतील अशी व्यवस्था जिल्हा परिषदेकडे मागावी. तसेंच, ज्या वृद्ध सुइणी अजून आहेत त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या बोलींत, त्यांच्या परवानगीनें, त्यांची विद्या लिहून घ्यावी. हें काम पुढील पिढीवर टाकतां येणार नाहीं. तोंवर सांगणारें मुख राहणार नाहीं.

संशोधक मंडळाचें काम भूतकाळाचें, आणि बाळंतिणीचें रक्त तपासणें हें वर्तमानाचें, असा भेद कोणी करील. सेमेलवाईसनें जुने आंकडे वाचले म्हणून पुढल्या बाळंतिणी जगल्या. निमशहाचा शक ज्या दिवशीं सुरू झाला तो दिवस आपणांस तारीखवार ठाऊक आहे. त्याच डोंगरांत गेल्या वर्षीं कोणत्या पाड्यावरची कोणती स्त्री कोणत्या महिन्यांत प्रथम तपासली गेली, हेंही तितक्याच नेमकेपणानें ठाऊक असावें, आणि पुढील वर्षीं तिच्या ओळीपुढील शेऱ्याचा रकाना रिकामा राहूं नये. जव्हारच्या इतिहासाचें हें प्रकरण अद्याप लिहिलें जात आहे. त्याचे कागद जपणें आपल्या हातीं आहे.